चुकून उडालेला बार



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी येते. बँकेच्या सुरक्षारक्षकाची बंदूक खाली पडली आणि बार उडाला. रानडुकराच्या मागावर गेलेल्यांपैकी एक जण सोबत्याच्याच छऱ्यांनी मेला. माळ्यावरची आजोबांची बंदूक मुलांच्या हाती लागली. गावे बदलतात, माणसे बदलतात, पण बातमीतला एक शब्द बदलत नाही : 'चुकून'. ज्याच्या हातून बार उडाला तो धाय मोकलून रडत असतो. त्याला कुणाला मारायचे नव्हते हे सर्वांना ठाऊक असते. मग तो दोषी आहे का? या प्रश्नाचा आज आपण थोडा शांतपणे विचार करू या.

शिरोलीच्या कारखान्यांत राबणाऱ्या मंडळींचा दुनळी बंदुकीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. बँकांच्या दारात आणि रोकड नेणाऱ्या गाड्यांवर जे पहारेकरी दिसतात, त्यांच्या खांद्याला पुष्कळदा बारा बोअरची दुनळीच असते. शिवाय आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी या डोंगराळ तालुक्यांतून नोकरीसाठी इकडे आलेली घरे थोडी नाहीत. तिकडे रात्री गवे आणि रानडुकरे उसात, भातात शिरतात. गावाकडचा भाऊ 'एक बंदूक घेऊ या का?' असे विचारतो, तेव्हा कारखान्यात चार पैसे मिळवणाऱ्याकडेच सगळे पाहतात. पैसे देणाराही त्या निर्णयाचा भागीदार असतो.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची दोन उदाहरणे आहेत. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात दोन माणसे लाकडे तोडायला रानात जातात. कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याला लागून तो मरतो. मनात वैर नव्हते, म्हणून शास्त्र त्याला खुनी म्हणत नाही; त्याला आश्रय मिळावा म्हणून नगरे राखून ठेवायला सांगते. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मात्र एक बैल आहे. तो मारका आहे, मालकाला तशी ताकीदही मिळाली आहे, तरी मालकाने त्याला आवरले नाही. त्या बैलाने माणूस मारला तर मालकाची सुटका नाही.

दोघांनाही कुणाला मारायचे नव्हते. फरक कशात आहे? बैलाच्या मालकाला आधीच माहीत होते आणि करण्यासारखे काही त्याच्या हातात होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हीच रेषा अधिक स्पष्ट केली. अनपेक्षितपणे मृत्यू घडला तर माणूस एरवी दोषी नाही, पण तो मुळातच गैर काम करीत असेल, किंवा घ्यायला हवी ती काळजी त्याने घेतली नसेल, तर तो दोषमुक्त नाही. म्हणजे बार उडाला त्या क्षणी मनात काय होते एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या आदल्या दिवशी, आदल्या महिन्यात त्याने काय केले आणि काय टाळले, हेही विचारावे लागते.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. फाउंड्रीत काम करणाऱ्याला विचारा. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडात ओले भंगार पडले तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि तप्त धातू चहूकडे उडतो. ज्याला हे माहीत आहे त्याने भंगार न पाहता टाकले, तर 'चुकून झाले' हे त्याचे म्हणणे शेजारी उभा असलेला कामगार मान्य करील का? प्रेसचे काम करणारा वीज तोडल्याशिवाय डायमध्ये हात घालत नाही. यंत्र बंद आहे असे वाटणे आणि ते बंद आहे याची खात्री करणे यांत किती अंतर आहे, हे शिरोलीत कुणाला शिकवावे लागत नाही. बंदूक हेही एक यंत्रच आहे.

आता त्या यंत्राकडे पाहू. दुनळीला दोन नळ्या, आणि पुष्कळ बंदुकांना दोन चाप. पहिला बार काढला की माणसाचे लक्ष समोर जाते. सावज पडले का, पळाले का, हे पाहायला तो धावत सुटतो. दुसऱ्या नळीत काडतूस तसेच भरलेले असते आणि खटका उघडाच असतो. ज्या बंदुकांत खटका आपोआप लागतो, त्यांतही तो बंदूक मोडून उघडल्यावर लागतो, बार काढल्यावर नव्हे. धावता धावता पाय अडखळला की पुढचे सांगायला नको. शिवाय अनेक बंदुकांत खटका फक्त चाप अडवतो, आतला घोडा नाही. म्हणून खटक्यावर विसंबून राहू नये, असे जाणकार सांगतात.

त्यांचे बाकीचे नियमही थोडेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. हातात घेताच ती मोडून दोन्ही नळ्या डोळ्यांनी पाहाव्यात. ज्यावर बार टाकायचा नाही तिकडे नळीचे तोंड कधीही करू नये. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. कुंपण ओलांडताना, गाडीत बसताना, घरात शिरताना काडतुसे काढून बंदूक उघडी ठेवावी. आणि सावजाच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय बार काढू नये. बारीक छर्रेसुद्धा दीड-दोनशे मीटर जाऊ शकतात, मोठे त्याहून बरेच लांब. ऊस हलला म्हणून बार टाकणाऱ्याने ऊस कशाने हलला हे पाहिलेले नसते. तिथे पाणी पाजायला आलेला शेजारी असू शकतो, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचे लेकरू असू शकते.

काडतुसांची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पडले तर ते घसरून पुढे जाऊन अडकते. मागून पाहणाऱ्याला काडतुसाची जागा रिकामीच दिसते. तिथे बाराचे काडतूस बसते, आणि बार काढताच नळी फुटून धरणाऱ्याचा हात जाऊ शकतो. यासाठीच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत पडली. दोन मापांची काडतुसे एका खिशात ठेवणारा माणूस नशिबाला बोल लावू शकत नाही.

आता खरेदीविषयी. जुनी दुनळी स्वस्तात मिळते म्हणून घेणारे बरेच असतात. घेताना ती जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी. बंद केल्यावर नळ्या हलतात का, उजेडाकडे धरून पाहिल्यावर आत खड्डा किंवा फुगवटा दिसतो का, काडतुसाचे घर किती लांबीचे आहे, बंदुकीवरचा क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का, हे पाहावे. फार जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असतात. आजच्या काडतुसाचा दाब त्यांना झेपेलच असे नाही. पण या सगळ्याआधी एक प्रश्न आहे, आणि तो दुकानदार विचारणार नाही : ही बंदूक कशासाठी?

'शिकारीसाठी' असे उत्तर असेल, तर आपल्या देशात ते उत्तर उरलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता हौसेची शिकार करता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. पिकांसाठी म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखण्याकरिता ठासणीच्या बंदुकीची, आणि ती अपुरी पडेल तिथे दुसऱ्या बंदुकीची तरतूद आहे. पण पिकात शिरलेले रानडुक्कर मारायचे तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर त्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. राधानगरीकडच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाची आणि ते सुरक्षित ठेवण्याची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला.

इथे गावाकडचा भाऊ म्हणेल, 'तुम्हांला शहरात बसून बोलायला काय जाते? चार महिन्यांचे पीक एका रात्रीत जाते ते आमचे.' त्याचे म्हणणे खोटे नाही. नुकसानभरपाईचे अर्ज, पंचनामे, हेलपाटे हे सारे त्याच्या वाट्याला येते. त्याचा राग समजून न घेता त्याला उपदेश करणे हा अन्यायच होईल. तरीही आम्हांला वाटते की संकट खरे असले म्हणून काळजी कमी होत नाही, उलट वाढते. रात्र असते, झोप नसते, डोक्यात राग असतो, कधी पोटात दारूही असते. ॲरिस्टॉटलने एका जुन्या कायद्याचा दाखला दिला आहे : नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा. कारण न पिणे त्या माणसाच्या हातात होते. ज्याला दुनळी घेऊन शेतात जायचे आहे त्याने त्या रात्री पेल्याला हात लावू नये, आणि ज्याला पेला सुटत नाही त्याने बंदूक घेऊ नये.

कोल्हापूरला शिकारीचा इतिहास मोठा आहे. दाजीपूरचे जंगल ही संस्थानची शिकारीची जागा होती. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात त्या काळच्या खुणा आजही दिसतात. पण त्याच राजघराण्याने शिकारीची किंमतही मोजली आहे. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेले. मागे राहिल्या इंदुमती राणीसाहेब, वय अजून कोवळे. महाराजांनी सुनेला शिकवले, तिचे आयुष्य उभे केले. पण हौस एकाची असते आणि तिची किंमत घरातल्या दुसऱ्याला भरावी लागते, हे राजवाड्यालाही चुकले नाही. पुढे १९५८ साली त्याच दाजीपुरात गव्यांसाठी अभयारण्य झाले. आणि याच जिल्ह्याने राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्यासारखे नेमबाज देशाला दिले. कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे. २०२४ साली पॅरिसला त्यांनी कांस्यपदक मिळवले. ज्यांना नेमाची आवड आहे त्यांच्यासाठी ही वाट मोकळी आहे. तिथे पहिला धडा नेमाचा नसतो, नळीचे तोंड कुठे ठेवायचे याचा असतो.

एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घरातला परवानाधारक वारला की बंदूक वारशाने आपोआप मुलाची होत नाही. विलंब न लावता ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, मग वारसाने स्वतःचा परवाना मागायचा. 'बाबांची आठवण' म्हणून ती माळ्यावर, गाठोड्यात गुंडाळून ठेवणे हा कायद्याचा भंग आहेच, पण त्याहून मोठा धोका घरातल्या नातवंडांना आहे. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या मोठ्यांच्या खिशात, एवढे तरी कुठल्याही घराला जमते.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे : नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे कुणी पडून त्याचे रक्त तुझ्या घरावर येणार नाही. कठडा बांधताना तो कुणासाठी आहे हे माहीत नसते. जो पडला नाही तो कधी आभार मानायला येत नाही. 'खून करू नको' ही आज्ञा आपण पाळतो असे आपणा सर्वांनाच वाटते, कारण हातात सुरा घेऊन आपण कुणाच्या अंगावर गेलेलो नसतो. पण कठडा न बांधणाराही त्या आज्ञेसमोर उभा आहे.

ज्यांच्या घरी किंवा गावाकडे बंदूक आहे त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे. परवानाधारकाने ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का पाहावे. कुलूप आहे का, परवान्याची मुदत आहे का, तो हयात माणसाच्या नावावर आहे का, हे तपासावे. आणि ज्यांना नवी घ्यायची आहे त्यांनी आधी घरच्यांसमोर बसून 'कशासाठी?' याचे उत्तर मोठ्याने द्यावे. उत्तर देताना अडखळायला झाले तर पैसे खिशातच राहू द्यावेत.

प्रभू आपल्या घरांचे, शेतांचे आणि शेतात राबणाऱ्या अनोळखी हातांचे रक्षण करो.