पंचसूना आणि स्वयंपाकघरातील दक्षता

गृहस्थाच्या घरात रोज नकळत हिंसा घडते आणि ती मुख्यतः स्वयंपाकाच्या निमित्ताने घडते, असे धर्मशास्त्र मानते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अशा हिंसेची पाच ठिकाणे सांगितली आहेत: चूल, जाते-पाटा, केरसुणीसारखे घरसामान, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांना ‘पंचसूना’ म्हणतात. सूना म्हणजे प्राणी मारण्याची जागा. साध्या वरणभाताला खाटिकखान्याच्या पंक्तीला बसवणारा हा शब्द कठोर वाटला, तरी तो अचूक आहे, कारण सरपणातील वाळवी, तांदळातील पोरकिडे किंवा पाण्यातील बारीक जीव यांचा मृत्यू निव्वळ शाकाहाराने टळत नाही.

या दोषाच्या निष्कृतीसाठी, म्हणजे परिमार्जनासाठी, मनूने पंचमहायज्ञ सांगितले: अध्यापन, पितरांचे तर्पण, होम, भूतमात्रांना अन्नाचा बली आणि अतिथिपूजन. हे यज्ञ मुळात पापक्षालनासाठी नव्हते. शतपथ ब्राह्मणात आणि तैत्तिरीय आरण्यकात त्यांचा उल्लेख आहे, पण चूल-जात्याच्या पापाचा नाही. तेथे ती नित्य कर्तव्ये आहेत. कर्तव्याला पुढे प्रायश्चित्ताचे रूप मिळाले आणि त्यातून एक अडचण उभी राहिली. रोजच्या पापावर रोजचा उतारा ठरलेलाच असेल, तर स्वयंपाक करणाऱ्याने दळताना किंवा चूल पेटवताना जपून वागण्याचे कारण काय उरते?

जैन विचाराने या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड दिली आहे. त्यामुळे जीव मेला की नाही याइतकेच करणारा सावध होता की नाही हेही महत्त्वाचे ठरते, आणि पाणी फडक्याने गाळणे, गाळणातील जीव ज्या आडाचे पाणी त्याच आडात परत सोडणे, सरपण झटकून मगच चुलीत घालणे ही कामे थेट धर्माचरणात येतात. मनूलाही ही दृष्टी अपरिचित नव्हती. नजरेने तपासलेल्या जागी पाऊल ठेवावे आणि वस्त्राने गाळलेले पाणी प्यावे, असे तो सहाव्या अध्यायात सांगतो, पण ते संन्याशाला. संन्याशाला दक्षता आणि गृहस्थाला प्रायश्चित्त, अशी ही वाटणी आहे.

महाराष्ट्रातील जुन्या स्वयंपाकघराने ही वाटणी फारशी मानलेली दिसत नाही. वर्षाचे धान्य भरण्याआधी त्याला उन्हे देत, म्हणजे किडे आपसूक बाहेर पडत. मग पाखडून, चाळून, निवडून झाल्यावर धान्यात कडुनिंबाचा पाला किंवा बिब्बे घालत आणि डाळीला एरंडेलाचा हात लावत. कीड लागल्यावर मारण्यापेक्षा ती लागूच न देण्याकडे या साऱ्या युक्त्यांचा कल आहे. कडधान्य रात्री भिजत घातले की सकाळी लवकर शिजते आणि सरपण कमी जळते. ज्या घरात चूल हीच पहिली सूना मानली जाते, तेथे या काटकसरीला निराळा अर्थ येतो. हे सारे अहिंसेच्या हेतूने होत होते, असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. धान्य टिकावे आणि दाताखाली खडा येऊ नये, हा हेतू उघड होता. तरीही प्रमाद टाळण्याची सवय हेतू न विचारता अंगी बाणते.

प्रायश्चित्ताची बाजू अगदीच पोकळ मानण्याचेही कारण नाही. भूतयज्ञातील अन्न कुत्रे, कावळे आणि कृमी यांच्यासाठी हळुवार जमिनीवर ठेवावे, असे मनू सांगतो. (त्याच यादीत तो पतित, श्वपच म्हणजे चांडाळ, आणि रोगी माणसांनाही बसवतो, ही गोष्ट झाकण्यासारखी नाही.) जात्याखाली चिरडल्या जाणाऱ्या कृमींना येथे जेवणारे म्हणून मान मिळतो. केवळ स्वतःसाठी शिजवणारा पापच खातो, असे गीता आणि मनुस्मृती दोन्ही सांगतात. या दृष्टीने पाहता उतारा मंत्रात कमी आणि वाटून खाण्यात अधिक आहे.

दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र अवघड राहतो. शास्त्र तो गृहस्थाच्या नावावर मांडते, पण जात्याच्या खुंट्यावर हात बाईचा असतो. संध्याकाळचा बली पत्नीने द्यावा असे मनू म्हणतो, पण मंत्राविना. वैश्वदेवात, म्हणजे शिजलेल्या अन्नाच्या नित्य होमात आणि बलीत, कोणता भाग कोणत्या दिशेला ठेवावा याची चर्चा ग्रंथांनी बारकाईने केली. धान्याला ऊन कधी द्यावे आणि पीठ कसे चाळावे, हे ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडीच जात राहिले, आणि जीव वाचवण्याचे प्रत्यक्ष काम त्यानेच केले.