किनाऱ्यावरील विस्तव

शास्त्रपाठ : योहान २१ : १–१७

वर लिहिलेला पाठ प्रथम आपल्या घरी उघडून वाचावा, व मग हा लेख हाती घ्यावा. ह्या पाठात सात मित्र रात्रीच्या वेळी मासे धरावयास निघतात. पेत्र आपला बेत बोलून दाखवितो आणि बाकीचे सहा जण त्याच्याबरोबर चालू लागतात. पुष्कळ उपदेशक ह्या ठिकाणी पेत्राला दोष लावतात. तो प्रभूची सेवा टाकून जुन्या धंद्याकडे वळला, असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. पाठात तसा एकही शब्द नाही, आणि प्रभूही त्याला त्याबद्दल रागे भरत नाही. पोटासाठी नाव पाण्यात लोटणे हे पाप नव्हे, हे चिंचणी, वरोर व धाकटी डहाणू येथील लोकांस समजावून सांगण्याची गरज नाही. असा दोष लावणाऱ्याच्या घरातील तांदळाची कोठी बहुधा भरलेली असते.

गेल्या जानेवारीत आम्हीही पाच मित्र असेच निघालो होतो. चिंचणीहून एकाच्या गाडीत बसून डहाणूची खाडी ओलांडली, आणि नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असे करीत झाईस पोहोचलो. तेथे महाराष्ट्र संपतो. रस्ता तोच, ताडांची झाडे तीच, अंगणात वाळत घातलेले बोंबीलही तेच. फक्त दुकानांवरील पाट्या गुजराती होतात. उंबरगावाकडील हा मुलूख १ मे १९६० पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, आणि अजूनही कित्येक घरांत सून एका राज्यातली व सासू दुसऱ्या राज्यातली असते. आम्हांस कोणी अडविले नाही व काही विचारले नाही. पुढे नारगोळच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसावे, मिळेल ते भाजून खावे व दिवस मावळण्यापूर्वी परतावे, एवढाच बेत होता.

वाटेत संजाणाचा फाटा लागला तेव्हा मी मित्रांस एक जुनी गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो. आपल्या चिंचणीस १९५५ साली काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक इ. स. ९२६ चा आहे. त्या काळी संजाण येथे राष्ट्रकूट राजाच्या वतीने एक अधिकारी कारभार पाहत असे. तो ह्या देशाचा नव्हता, ह्या देशाच्या धर्माचाही नव्हता. पट त्याला ताजिक, म्हणजे अरब, म्हणतो. त्या परक्या मनुष्याने येथील दोन नद्यांवर फुकट तरीची सोय केली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास भात, कालवण व तूप फुकट मिळावे म्हणून अन्नछत्र घातले. हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. त्याने किती लढाया मारल्या हे आपणांस ठाऊक नाही, पण लोकांस पैलतीरी नेले व जेवू घातले हे तांब्यावर कोरलेले राहिले.

आता गालीलाकडे पाहा. तो समुद्र म्हणविला जातो खरा, पण त्याचे पाणी गोडे. आपल्या खाऱ्या पाण्याच्या मानाने ते एक मोठे तळेच. तरी त्या तळ्यालाही सीमा होत्या. पश्चिमेकडील किनारा हेरोद अंतिपाच्या सत्तेखाली, ईशान्येकडचा त्याचा भाऊ फिलिप ह्याच्याकडे, आणि पूर्वेस दकापलीसची विदेशी नगरे. कफर्णहूम हे सीमेजवळचे गाव होते, आणि म्हणूनच मत्तय तेथे जकातीच्या नाक्यावर बसलेला सापडला. प्रभू त्या पाण्यावरून वारंवार पलीकडे जात असे. एकदा तर वादळात नाव बुडावयाची वेळ आली. आणि पलीकडे उतरल्यावर भेटला कोण, तर थडग्यांत राहणारा, बेड्या तोडणारा, आपल्याच गावकऱ्यांनी टाकून दिलेला एक मनुष्य. त्या एका माणसासाठी प्रभूने सीमा ओलांडली असे मी समजतो. कारण तो बरा झाल्यावर प्रभू पुन्हा नावेत बसला.

आमच्या पाच जणांत एक असा होता की, त्याने हा प्रवास सुचविला व गळ, दोरी, शिसे सर्व त्यानेच आणले. तो पूर्वी ओख्याच्या एका बोटीवर खलाशी होता. आपल्या डहाणू व तलासरी तालुक्यांतून पावसाळ्यानंतर कितीतरी तरुण मित्रांची टोळी करून ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ येथे जातात हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी उचल घेतलेली असते, कोणाच्या बहिणीचे लग्न झालेले असते. एक म्हणतो मी जातो, दुसरा म्हणतो मग मीही येतो. पेत्राच्या वेळी जसे झाले तसेच. जमिनीवरची सीमा ते हसतखेळत ओलांडतात. पाण्यावरची सीमा मात्र कोणास दिसत नाही. कच्छच्या टोकाशी सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे, तिच्याविषयी हिंदुस्थान व पाकिस्तान ह्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही. तेव्हा तेथून पुढे समुद्रात रेघ कोठे धरावी हेही दोन्ही देशांनी ठरविलेले नाही. मासा त्या रेघेस मानीत नाही, आणि माशामागे जाळे जाते.

आमचा मित्र असाच धरला गेला. कराचीजवळच्या लांढी येथील मलीर तुरुंगात त्याची तीन वर्षांहून अधिक गेली. २०२३ च्या मे महिन्यात १९८ व जूनमध्ये २०० मासेमार सोडण्यात आले, त्यांत तो होता. पाण्याच्या वाटेने गेलेली ही माणसे वाघा-अटारीच्या दाराने पायी चालत परत आली. असेच पलीकडचे सिंधी मासेमार आपल्याकडे गुजरातेत धरले जातात, आणि त्यांच्याही बायका किनाऱ्यावर उभ्या असतात, हे प्रार्थना करताना आपण विसरू नये.

नारगोळास दुपारपर्यंत आम्हांस दोन शिंगाळे मिळाले, त्याहून काही नाही. त्याने प्रथम त्यांचे विषारी काटे मोडले, मग सुरूची वाळकी लाकडे गोळा करून विस्तव केला. भाजता भाजता तो बोलू लागला. एरवी तो तुरुंगाविषयी बोलत नाही. तो म्हणाला, “पाळकसाहेब, पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला. एक सिंधी कैदी होता, तोही दर्यावरचाच माणूस. त्याने दहा दिवस आपली अर्धी भाकर मला दिली. मी त्याला नाव विचारले, त्याने माझे विचारले. धर्म कोणी विचारला नाही.” एवढे बोलून त्याने मासा परतला. मग खाली पाहतच म्हणाला, “घरी आल्यावर बायकोला विचारले, तुला कोणी दिली?”

बंधूंनो, ह्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, म्हणून मी गप्प राहिलो. त्याची बायको पहिले अकरा महिने दर रविवारी दोन मुलांसह उपासनेस येई व शेवटच्या रांगेत बसे. आम्ही दर रविवारी समुद्रावरील लोकांसाठी प्रार्थना करीत होतो, आणि ती प्रार्थना बरीच लांब असे. पण कोणी तिच्या दारात पायलीभर तांदूळ ठेवला नाही. मी स्वतः तिच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा बसलो नाही. कारण सांगावयाचे तर असे की, तिने उचलीच्या पैशाविषयी विचारले असते, आणि त्या बोटवाल्याशी बोलण्याचे धैर्य मजमध्ये नव्हते. पुढे तिचे येणे बंद झाले. तेव्हा मंडळीत असे बोलले गेले की, तिचा विश्वास ढळला. मीही ते ऐकून घेतले.

ह्याच पाठावर मी किती वेळा उपदेश केला असेल! दर वेळी जाळे, उजवी बाजू, एकशे त्रेपन्न मासे ह्यांवरच बोललो. त्या दिवशी पहिल्यानेच माझे लक्ष विस्तवाकडे गेले. नाव किनाऱ्यास लागण्यापूर्वीच प्रभूने कोळशाचा विस्तव पेटविला होता, त्याजवर मासा ठेवला होता व जवळ भाकर होती. शिष्यांचे मासे येईपर्यंत तो थांबला नाही. ज्या पेत्राने मुख्य याजकाच्या वाड्यात अशाच एका विस्तवाजवळ उभे राहून त्याला नाकारले होते, त्यालाही त्याने आधी बोलाविले ते न्याहारीसच. प्रीतीविषयीचा तो कठीण प्रश्न, तीन वेळा विचारलेला, पोट भरल्यानंतर आला. आणि उत्तर मिळाल्यावर त्याने जे काम सांगितले तेही चारण्याचे व पाळण्याचेच. रात्रभर समुद्रात राहणे हे मासे धरणाऱ्यांचे काम. आपण जे किनाऱ्यावर राहतो त्यांचे काम विस्तव पेटविण्याचे आहे, आणि माझ्या किनाऱ्यावर तीन वर्षे राख होती.

मी त्याला ते सांगितले. त्याने क्षमा केली की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याने शिंगाळ्याचा मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला व आम्ही जेवलो.

परत आल्यावर पंचांच्या सभेत आम्ही एक वही केली आहे. जो कोणी बोटीवर जाईल त्याचे खरे नाव, बापाचे नाव, पाडा, ओळखपत्राचा आकडा, बोटीचे नाव व बंदर तीत लिहावे. पाड्यावर ज्यास सगळे एका नावाने हाक मारतात तो कागदावर निराळ्याच नावाचा असतो, आणि नागरिकत्वाची खातरी पटल्यावाचून सुटका होत नाही. २००८ च्या करारान्वये दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी आपापल्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. त्या दिवसांपूर्वी वही उघडून पाहावी व कोणाची बातमी नसल्यास जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यावा, असे ठरले. वहीच्या मागील पानांवर घरोघरी पोहोचविलेल्या धान्याची नोंद आहे. दुसऱ्या मंडळ्यांनीही असे करावे; वहीस खर्च थोडा येतो.

ती वही घेऊन मी त्या बाईकडे गेलो व ह्या वेळी बसलो. तिने चहा ठेवला. मी जे बोलावयाचे ठरविले होते ते अर्धेच बोललो असेन, तोच तिने वही आपल्याकडे ओढली व तीत काय लिहितात ते विचारले. मग म्हणाली की, शेजारच्या पाड्यावरील एकीचा नवरा अजून पलीकडे आहे, त्याचे नाव घाला. ती वारली बाई आपल्या मंडळीतली नाही, हिरव्या देवाला पूजणारी आहे, असेही तिने आपण होऊन सांगितले, आणि मी काय म्हणतो ते पाहत राहिली. ते नाव पहिल्या पानावर आहे.