ओळख आणि वशिला

नोकरीच्या शोधात असलेल्या मनुष्याने ओळखीच्या माणसांचे उंबरठे झिजवावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा वाटतो; परंतु तो नीतीचाही आहे, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातला आमचा जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. हातची नोकरी सुटल्यामुळे तो घरी बसून होता. "सर, कोठे काही असल्यास कळवा," एवढेच तो म्हणाला. आम्ही त्यास वशिलेबाजीच्या अनर्थांवर एक लहानसे प्रवचन ऐकवले. तो निमूटपणे नमस्कार करून गेला. त्याच्याजोगती एक जागा रिकामी असल्याचे त्या वेळी आम्हांस ठाऊक होते. पण तत्त्वनिष्ठेच्या भरात आम्ही ते बोललो नाही. त्याने जागा मागितली नव्हती, बातमी मागितली होती, हे पुष्कळ उशिरा आमच्या ध्यानात आले.

'वशिला' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ केवळ 'साधन' असा आहे. त्यास जो दुर्गंध चिकटला तो आपल्या व्यवहाराने. मग निर्दोष कोणते व सदोष कोणते? आमच्या मते कसोटी सोपी आहे: जे मागणे इतर उमेदवारांच्या समक्ष उच्चारता येते ते निर्दोष होय. 'जागा कोठे आहे, काम कसे आहे, तयारी कोणती करावी' हे चारचौघांत विचारता येते; 'माझे नाव वर सरकवा' हे येत नाही. राज्यघटनेच्या 16 व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत समान संधीची हमी दिली आहे. परंतु ज्यास जागेची वार्ताच नाही त्यास संधी कसली? रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांना कळविण्याचा कायदा 1959 साली झाला, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता.

ही वार्ता कोणाकडून मिळते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली असे दाखविले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती निकटच्या मित्रांकडून नव्हे, क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून कळली होती. कारण उघड आहे. जवळच्यांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपणांस ठाऊक असते.

हिंगोलीकरांना तर याचा दाखला घरचाच आहे. नर्सी हे नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. विठ्ठलाशी त्यांची केवढी सलगी! तरीही संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटणे मारून पाहिले आणि हे मडके कच्चे ठरविले. नामदेव रडत देवाकडे गेले. देवाने मनात आणले असते तर निकाल फिरविला असता; पण कथा सांगते की, त्याने विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले, आणि नामदेवांनी औंढ्या नागनाथाची वाट धरली. देवाने वशिला लावला नाही; ठिकाण मात्र सांगितले.

उमेदीचा प्रश्नही येथेच सुटतो. नकारामागून नकार येत असता 'आनंदी राहा' असा उपदेश करणे सोपे, पण ते जखमेवर मीठ चोळण्यासारखे आहे. एका जागेस पन्नास अर्ज आले असता एकोणपन्नास परत जाणारच. तो त्या एकोणपन्नास माणसांच्या योग्यतेचा निवाडा नव्हे. आणि कोठे खरोखरच उणीव दाखविली गेली, तरी कच्चे मडके फेकावयाचे नसते, भाजावयाचे असते. उमेद म्हणजे मनाचा उल्हास नव्हे. अपमान गिळून दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागणे, हीच ती. ती टिकविण्याचा भार मात्र एकट्या उमेदवारावर टाकणे अन्यायाचे होईल. विचारणाऱ्यास ठाऊक असलेले सांगणे हे सांगणाऱ्याचेही कर्तव्य आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास पुढे वसमतला हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबाचे काम मिळाले. त्याची माहिती त्यास एस्.टी.च्या प्रवासात दोनदा भेटलेल्या एका गृहस्थाने दिली होती. त्या गृहस्थास त्याचे नावही नीट ठाऊक नव्हते. आम्ही तर त्यास तीन वर्षे शिकविले होते.