सोसणं कुणाचं, पाप कुणाचं?



आपल्या वस्तीतली जुनी माणसं सांगतात, "नोकरी हाय बाबा, सोस जरा. साहेब काय जन्माचा नाय." भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला बसणारा पोरगा हेच ऐकतो. सकाळच्या चर्चगेट लोकलला लोंबकळणारा क्लार्कही हेच ऐकतो. तेव्हा एकदा विचारलंच पाहिजे : सोसणं हा गुण आहे, की छळणाऱ्याला दिलेली परवानगी?

१९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला लागले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. प्यायला पाणी मिळेना. राहत्या जागेतून लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. बाबासाहेबांनी बडोदं सोडलं. हुद्दा मोठा, डिग्री मोठी, तरी शिपाई वरचढ! कारण जात हुद्द्याच्या आधी कचेरीत येऊन बसते.

आता फायली फेकत नाहीत. आता 'सीआर' लिहितात. कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातल्या एका दलित स्टोअरकीपरच्या सीआरमध्ये वरिष्ठांनी वाईट शेरे मारले. त्याने २००६ साली अॅट्रॉसिटीची फिर्याद दिली. खटल्याला वरून मंजुरी नाकारली गेली. नाकारणाऱ्यावर त्याने पुन्हा फिर्याद केली. भांडण दिल्लीला गेलं आणि २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कायदाच पातळ करून ठेवला. २० मार्च! चवदार तळ्याचा दिवस! २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टाने आपले ते आदेश मागे घेतले. एका सीआरवरून देश रस्त्यावर आला.

पण सगळीच माणसं कोर्टापर्यंत पोचत नाहीत. रोज टोमणे, रोज चारचौघांत पाणउतारा. रात्री झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी हात चुकतो. चुकला की "बघा, कोट्यातला!" असं वर्षभर चाललं की माणूस स्वतःलाच विचारू लागतो, मी खरंच नालायक आहे काय? मग राग घरी बायकोपोरांवर निघतो. साहेबाचा हात असा आपल्या चुलीपर्यंत पोचतो.

अशा माणसाला "तू का सोसलंस?" म्हणणं सोपं आहे. त्याच्या पोरांची फी आपण भरणार आहोत काय? माझं म्हणणं, धैर्याचा सवाल त्याला करूच नये. तो बाजूला उभं राहून बघणाऱ्याला करावा.

कायदाही तेच सांगतो. अपमान लोकांच्या देखत झाला तर गुन्हा. चार भिंतींच्या आत, कुणी नसताना झाला तर ते कलम लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं. म्हणजे "मी ऐकलं" म्हणणारा एक माणूस नसेल तर कायदा नुसता कागद. बघणारा गप्प बसतो तेव्हा तो साहेबाच्याच बाजूने साक्ष देतो.

म्हणून कामं ठरवून घ्या. छळ होणाऱ्याला तारीख, वेळ, शब्द, हजर माणसं वहीत लिहायला लावा. तक्रार लेखी द्या, पोचीचा शिक्का घ्या. सीआरची नक्कल मागा; प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, हा २००८ चा निकाल आहे. साहेबाच्या केबिनमध्ये त्याला एकटं जाऊ देऊ नका. गाळ्यात सीआर नसतो, हजेरी कार्डही नसतं. तिथं तर सोबत्याची जीभ हाच पुरावा.

आणि एक कडू गोष्ट. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता सांगितली : प्रत्येकाला लाथ मारायला खाली कुणीतरी सापडतो. आपल्यातला साहेब झालेला माणूस कंत्राटी झाडूवाल्या बाईला "ए" म्हणून हाक मारतो, तेव्हा बडोद्याची फाईल त्याच्याच हातातून सुटलेली असते. तिथंही आपण बोललं पाहिजे. आपला आहे म्हणून गप्प बसलो, तर दुसऱ्यांकडे साक्ष मागायला तोंड कुठलं?

जयभीम.