पराभूताचा त्याग

मराठीत ‘खेळ’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. मुले अंगणात खेळतात तोही खेळ, आणि डोंबारी चौकात ढोलके वाजवून मांडतो तोही खेळच. पहिल्याला पाहणारा नसला तरी चालते. दुसरा पाहणाऱ्यावाचून उभाच राहत नाही. विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या वाट्याला यांपैकी कोणता खेळ द्यावा, हा प्रश्न अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने १९३९ साली ज्या रीतीने निकालात काढला, ती रीत नीतिविचाराच्या अभ्यासकाला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

१८९० साली रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या खासगी विद्यापीठाने प्रारंभापासूनच मैदानाला मान दिला. १८९२ मध्ये आलेले प्रशिक्षक ॲमॉस अलोन्झो स्टॅग यांना तर प्राध्यापकाचा दर्जा होता. पुढे हाइझमन यांच्या नावाने गाजलेले फुटबॉलचे पारितोषिक १९३५ साली प्रथम दिले गेले, तेही शिकागोच्याच जे बरवॅंगर यांना. मात्र १९२९ मध्ये तिशीतच अध्यक्षपदी आलेले रॉबर्ट हचिन्स यांना विद्यापीठाचे हे वैभव खुपत होते. तिकीटविक्रीच्या लोभाने व्यायामाचे रूपांतर व्यवसायात झाले आहे, असे त्यांनी १९३८ च्या एका लेखात मांडले, आणि सामन्याचे तिकीट दहा सेंटांवर आणावे असे सुचवले. सूचना वरवर विनोदी, पण रोगाच्या मुळावरच बोट ठेवणारी!

दुसऱ्या वर्षीच्या हंगामात मिशिगनने शिकागोला ८५–० असे लोळवले. हार्वर्ड आणि ओहायो स्टेट यांनी प्रत्येकी ६१–० असे. डिसेंबरात विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला.

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, हा आक्षेप येथे सहज सुचतो. जिंकणाऱ्याने सोडले तर तो त्याग. हरणाऱ्याने सोडले तर ती केवळ सुटका, असे लोकव्यवहार मानतो. परंतु या विभागणीत एक गोष्ट सुटून जाते. हरणाऱ्या संस्थेपुढे दुसरी वाट मोकळी होती: प्रवेशाच्या अटी सैल कराव्यात, तगडे तरुण गोळा करावेत आणि पुन्हा जिंकू लागावे. ती वाट मळलेली होती आणि तिच्यावरून जाण्यात कोणालाच लाज वाटत नव्हती. हेतू निर्भेळ नसेलही. तो माणसाचा क्वचितच असतो. तथापि उपलब्ध असलेला लाभ जाणूनबुजून नाकारला गेला, एवढे तरी पराभवाच्या खाती घालता येत नाही.

ओस पडलेल्या त्याच मैदानाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुशृंखला घडवून आणली. खेळ गेला आणि ज्ञान आले, असा बोध यातून काढण्याचा मोह होतो. त्या ज्ञानाचा पुढील प्रवास हिरोशिमापर्यंत झाला, हे आठवले की तो मोह ओसरतो.

१९६९ साली विद्यापीठाचा फुटबॉल संघ परत आला, तो लहान अंगाने. आज तेथे क्रीडानैपुण्यासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. इतरत्र प्रवाह उलटा वाहिला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील मर्यादा एकमताने फेटाळल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. चौकात घाम गाळणाऱ्याच्या थाळीत नाणे पडावे, यात अन्याय्य काही नाही. इतकी वर्षे ती थाळी दुसरेच उचलून नेत होते. पण त्यामुळे चौकाचे अंगण होत नाही.

आणि हचिन्स यांच्या निर्णयातही एक जागा रिकामीच राहते. १९३९ च्या हंगामातील शेवटच्या सामन्यात इलिनॉयकडून ४६–० असा मार खाऊन परतलेले ते विद्यार्थी, पराभवाची खात्री असतानाही दर शनिवारी मैदानात उतरत होते. ते बहुधा केवळ खेळण्यासाठीच खेळत असावेत. बंद झाला तो त्यांचाच खेळ.