भरपाईचा हिशेब

इक्वेडोरच्या दक्षिणेला, अँडीज पर्वताच्या कुशीत लोहा नावाचा प्रांत आहे. तिथल्या काही घरांत एखादं मूल जन्मतं आणि जवळजवळ वाढतच नाही. कपाळ पुढे आलेलं, नाक बसकं, आवाज बारीक. तान्हेपणी रक्तातली साखर अचानक उतरते, फिट येते. त्यातून वाचलंच, तर मोठेपणी उंची जेमतेम चार फूट. आईबाप मात्र नेहमीच्या उंचीचे, पाठचा भाऊही उंच.

हा लॅरॉन सिंड्रोम. इस्राएलचे डॉक्टर झ्वी लॅरॉन यांनी १९६६ मध्ये येमेनी ज्यू घरातल्या तीन भावंडांवरून त्याचं वर्णन केलं. या मुलांच्या रक्तात वाढीचं हार्मोन भरपूर असतं. पण ते ओळखणारा पेशींवरचा ग्राहकच सदोष असतो. त्यामुळे यकृताला निरोप पोचत नाही आणि हाडं वाढवणारं आयजीएफ-१ पुरेसं तयार होत नाही. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तरच हे घडतं. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात शक्यता चारात एक.

पण 'चारात एक' हे आईच्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिला विचारायचं असतं, माझ्याच पोरीला का?

प्रश्न जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस भेटतो, तेव्हा शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? पतंजलीच्या योगसूत्रांत कोणत्या योनीत जन्म, किती आयुष्य आणि कोणते भोग हे तिन्ही कर्माचाच परिपाक मानले आहेत. आपल्या गावगप्पांत त्याचं 'मागल्या जन्मीचं' एवढंच उरतं. येशू दोन्ही पर्याय झटकतो, आणि हे त्याचं मोठेपण. मात्र पुढे म्हणतो, देवाची करणी प्रकट व्हावी म्हणून हा असा जन्मला. म्हणजे पाप गेलं आणि प्रयोजन आलं. त्या आंधळ्याने जन्मभर अंधार सोसला, तो दुसऱ्यांना काहीतरी दिसावं म्हणून! आपल्या पुराणात तर खुद्द विष्णू वामन झाला. पण त्या कथेचं सार्थकही तो वाढून विश्व व्यापतो तेव्हाच.

ज्यू परंपरेत एक निराळी रीत सापडते. बुटका किंवा फार उंच माणूस दिसला, की जीवांना नाना रूपं देणाऱ्या देवाची स्तुती करावी, असं ताल्मुद हा त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. कारण विचारायचं नाही, हेतू शोधायचा नाही. (हत्ती आणि माकड पाहिल्यावरही हीच स्तुती म्हणायची असते, तेव्हा फार हुरळून जायला नको.) ज्यूंचा धागा लोहा प्रांतापर्यंतही पोचतो: तिथल्या कॅथलिक घरांत सापडलेला जनुकबदल मोरोक्को मूळच्या एका ज्यू रुग्णातही निघाला. सक्तीने ख्रिस्ती झालेले स्पेनचे ज्यू इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या भयाने या दऱ्यांत आले असावेत, असा त्यावरून अभ्यासकांचा तर्क आहे.

आता विज्ञानाकडे वळू, कारण भरपाईचा मोह तिथेही आहे. ही मुलं वर्गात पहिल्या काही नंबरांत असतात, असं सुरुवातीच्या पाहणीत आढळलं होतं. देवाने उंची घेतली, बुद्धी दिली; किती छान जुळतं! पुढे याच घरांतल्या नातेवाइकांशी रीतसर तुलना झाली, तेव्हा बुद्धी साधारण सारखीच निघाली.

मग २०११ उजाडलं. इक्वेडोरचे हार्मोनतज्ज्ञ हाइमे गेवारा-आगीरे आणि अमेरिकेतले संशोधक वाल्टर लाँगो यांनी हा सिंड्रोम असलेल्या ९९ जणांचा २२ वर्षांचा अभ्यास मांडला. मधुमेह एकालाही नाही. कर्करोग एकालाच, तोही जीवघेणा नव्हता. तुलनेसाठी घेतलेल्या नातेवाइकांत कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के, मधुमेहाचं ५ टक्के. ही नोंद अस्सल आणि फार मोलाची आहे. तिच्यावरून वार्धक्य आणि कर्करोगाच्या संशोधनाला नव्या वाटा मिळाल्या.

पण लगेच 'शापातलं वरदान' ही भाषा सुरू होते, तिथे थांबायला हवं. त्याच अभ्यासात हेही आहे, की ही माणसं इतरांहून जास्त जगत नव्हती. अपघात, दारू आणि फिट यांनी त्यांतले बरेच नेले. कर्करोग होत नाही म्हणून दुकानाचा काउंटर खाली येत नाही, की चिडवणारी पोरं गप्प बसत नाहीत. एकाच्या दुःखाची किंमत दुसऱ्याच्या फायद्यात चुकती झाली असं मानणं, मग ते देवाच्या नावाने असो वा औषधशास्त्राच्या, हा हिशेब खोटा आहे. माणूस नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्वज्ञ कांटचं सांगणं रक्ताचा नमुना देणाऱ्यालाही लागू पडतं.

प्रयोगशाळेत बनवलेल्या आयजीएफ-१ ला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. इंजेक्शन दिवसातून दोनदा, खाण्याच्या वेळेला धरून घ्यावं लागतं, नाहीतर साखर उतरते. हाडांची टोकं सांधली गेली की उंचीसाठी त्याचा उपयोग संपतो. ज्यांच्या रक्तावरून हे सारं ज्ञान उभं राहिलं, त्या प्रौढांची उंची हे इंजेक्शन आता वाढवू शकत नाही. तेव्हा अशा मुलाच्या घरी जाऊन कोणी 'हे का झालं असेल' म्हणू लागला, तर त्याला थांबवावं आणि आधी एवढंच विचारावं: मुलाचं वय किती, आणि इंजेक्शन सुरू झालं का?