एलियाला आधी भाकर मिळाली



एलिया संदेष्टा कार्मेल डोंगरावर बआलाच्या शेकडो संदेष्ट्यांना पुरून उरला. पण इजबेल राणीची धमकी येताच तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागू लागला (१ राजे १९). देव त्याच्यावर रागावला नाही. तुझा विश्वास कमी पडला, असेही म्हणाला नाही. त्याने त्याला झोपू दिले. दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तेही दोनदा. होरेब डोंगरावरची मंद वाणी त्यानंतर आली.

आपल्या धर्मग्रामातही असे झुडपाखाली बसलेले बंधुभगिनी आहेत. कोणाला नैराश्य येते, कोणाला भास होतात, कोणाची भीतीने झोप उडते. त्यांना सल्ला मिळतो, "रोझरी म्हण, गोळ्या कशाला?" रोझरी जरूर म्हणावी. परंतु मधुमेह झालेल्याचे इन्सुलिन आपण प्रार्थनेसाठी बंद करत नाही. मग मनाच्या आजारावरील गोळ्याच श्रद्धेच्या आड कशा येतात? औषधे परमेश्वरानेच निर्माण केली आहेत, शहाण्याने ती नाकारू नयेत, अशी बेनसिराची शिकवण आहे (अध्याय ३८).

आज या आजारांवर चांगले उपचार आहेत. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही. मात्र बरे वाटले म्हणून त्या एकदम बंद केल्यास त्रास होतो, आजार उलटूही शकतो. समुपदेशनात रुग्ण आपले विचार तपासून पाहायला शिकतो. 'शॉक'ची तर सर्वांनाच धास्ती वाटते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार भूल दिल्याशिवाय तो देता येत नाही. रुग्णाला साखळीने बांधण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे.

तरीही नुसत्या गोळीने सारे भागत नाही. बेल्जियममधील गील गावी संत डिंफना हिच्या मंदिरात शेकडो वर्षांपूर्वीपासून मनोरुग्णांना यात्रेला आणले जाई. गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले, पंगतीला बसवले, शेतावर सोबत नेले. ती प्रथा आजही चालू आहे आणि आता तिच्या पाठीशी रुग्णालय व डॉक्टर आहेत. प्रार्थना, औषध आणि घर ही तिन्ही तिथे एकत्र नांदतात.

आपणही या आठवड्यात एवढे करू या. 'वेडा' हा शब्द तोंडातून काढून टाकू या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाच्याही गोळ्या थांबवू नयेत. शेजारी दवाखान्यात जायला लाजत असेल, तर आपण सोबत जाऊ या. कोणी मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

दूताने एलियाला उठवले, खाऊ घातले आणि पुढच्या वाटेसाठी बळ दिले. आपल्या शेजारच्या एलियासाठी ती भाकर घेऊन जाण्याची कृपा प्रभू येशू आपणा सर्वांना देवो. आमेन.